दुसऱ्याची ओल

सुपारीची फोड कोंगाच्या जिभेवर नुसती पडून — भिजेना, विरघळेना. चुना हिरडीला चरचरला आणि नागवेलीच्या शेंगेचा भुसा टाळूला चिकटून बसला... चटईवर सगळ्यांची तोंडं चालली होती. समोर रांबू लेबा, नवऱ्यामुलाची आई. तिनं बांबूच्या नळीत पिंक टाकली, दाट, लाल, तार धरून लोंबणारी, आणि कोंगानं नजर वळवली. शी! माणसाच्या तोंडात एवढा चिखल असतो? — आणि त्या किळसेच्याच तळाशी हावही होती, तीच तिला जास्त ओंगळ वाटली.

वाइंगापूच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "रांबू कोंगा, तुमचं रक्त घरच्यांनाच चोर समजतंय. लाळेचे, आसवांचे झरे तेच खातंय." आतल्या आत कुणीतरी मला चाखतंय... भावाच्या प्रेतापाशी डोळ्यांत नुसती वाळू खुपली, बायका म्हणाल्या, दगडच आहे ही.

आज सांगावं, तर ‘आईचं वाळलं, लेकीचंही वाळेल’ म्हणून योवीची सोयरीक मोडेल. न सांगावं, तर मुलाकडच्यांच्या टोपलीतला विडा तोंडात लाल झाला नाही, म्हणजे नकारच.

"विहीणबाई चावतायत की रुसल्यात?" मुलाचा मामा हसला. "देजाचे घोडे कमी पडले वाटतं!"

"तू गप रे," लेबा म्हणाली. मग सरकत जवळ आली. "दाढा गेल्या का गं? लाजतेस कशाला? माझ्या सासूला मी अशीच भरवायचे." आणि आपल्या तोंडातला चघळलेला गोळा काढून तिनं कोंगाच्या तळव्यावर ठेवला.

कोमट. बुळबुळीत. जिवंत काही असावं तसा. पडद्याआडून योवीचे डोळे... कोंगानं श्वास धरला आणि तोंड उघडलं.

दुसरीची लाळ जिभेवर पसरली, गालांच्या भेगांत शिरली, ओठाच्या कोपऱ्यातून ओघळली. "झालं! लाल झालं!" — चटईवर हशा, टाळ्या. लेबानं नळी पुढं केली, "थुंक आता."

थुंकायलाच हवं. हे घाण आहे, हे माझं नाही... कोंगानं ओठ घट्ट मिटले, आणि ती ओल, लपवून ठेवावी तशी, जिभेखाली धरून बसली.