लाल पट्ट्यातले मामा

सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर ‘हवामान धोके कक्ष’ होता आणि त्याला लागूनच विवाहनोंदणीचं कार्यालय. त्यामुळे दिवसातून एखादं तरी जोडपं चुकून आधीच्या दारात यायचं, पाटी वाचायचं आणि नवरा म्हणायचा, “बरोबर आलोय की!” हा विनोद आकडेबाईंनी इतक्यांदा ऐकला होता की आता त्या मान वर न करता शेजारच्या दाराकडे नुसतं बोट दाखवायच्या.

आकडेबाई हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पाऊस, ऊन, वारा, पूर यांचे आकडे गोळा करायचे आणि कुठल्या वस्तीला कशाचा धोका ते नकाशावर दाखवायचं, ही त्यांची नोकरी. नाव कार्यालयानं ठेवलेलं. काम ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात पर्जन्यमापकात लोक सिगारेटची थोटकं टाकायचे. ‘आज या भागात थोटकं, मध्यम ते जोरदार’ अशी नोंद एकदा तरी करावी असं बाईंना फार वाटे.

यंदा नदीच्या पुराचा नवा नकाशा तयार झाला. साहेबांनी तो हातभर लांब धरून पाहिला.

“लाल जरा अंगावर येतो हो, मॅडम. गुलाबी नाही चालणार?”

“साहेब, पूर दाखवायचाय. पडदे नाही निवडायचे.”

“बरं, निदान ‘धोका’ शब्द तरी काढा. ‘जलसान्निध्य क्षेत्र’ कसं वाटतं?”

बाईंना ते कसं वाटतं हे नोकरीत राहून सांगण्यासारखं नव्हतं. लाल राहिला, ‘धोका’ जाऊन साहेबांचा शब्द आला आणि नकाशा हरकतींसाठी खाली व्हरांड्यात लागला. तो लागला त्याच दुपारी मामा जिने चढून धापा टाकत वर आले.

मामा म्हणजे बाईंच्या आईचे धाकटे भाऊ. उभा जन्म शहराची बस चालवलेले, आता निवृत्त. नदीकाठच्या वस्तीत त्यांनी हौसेनं प्लॉट घेतला होता आणि पाया खणायचा बाकी होता.

“माझा प्लॉट लाल केलास?”

“मी नाही, मामा. नदीनं केला.”

“नदी काय तुझ्या कॉम्प्युटरवर येऊन बसली होती? अगं, नखाएवढी तर जागा ती. खोडरबर नाही का तुमच्या सरकारात?”

“पाणी उताराकडे जातं, मामा. त्याला नातं कळत नाही.”

“नातं तुलाच कळत नाही!” मामा गरजले आणि दार आपटून गेले. त्या दिवसापासून त्यांनी भाचीला पाण्यात पाहायला सुरुवात केली.

संध्याकाळी अपेक्षेप्रमाणे आईचा फोन आला. “एवढा एक रंग बदललास तर तुझं काय जाणार आहे?”

“आणि उद्या खरंच घरात पाणी शिरलं तर?”

“शिरलं तर शिरलं. आपल्याकडे येतील राहायला.”

“हो. महिना-दोन महिने.”

आईचा आवाज एकदम खाली आला. “मामीसकट?”

“मामीसकट.”

“मग राहू दे लाल,” आई म्हणाली.

हरकतींची सुनावणी वस्तीतल्या शाळेत ठेवली होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती, त्यामुळे आधीच सगळे चिडलेले. मामा पहिल्या रांगेत. वस्ती त्यांनीच गोळा केली होती हे उघड होतं. एकेक जण उठून सांगू लागला, इथे पाणी येत नाही, कधी आलं नाही, येणारही नाही. साहेब बाईंच्या कानाशी लागले. “गुलाबी म्हटलं होतं मी.”

बाईंची एक दुखरी जागा खरंच होती. मागच्या मोठ्या पुरात या वस्तीतली पाणी मोजायची पट्टी गायब झाली होती. इथला लाल पट्टा त्यांनी जमिनीच्या उतारावरून काढला होता, प्रत्यक्ष मोजमापावरून नाही. आणि औषधांच्या दुकानदारानं नेमकं तिथेच बोट ठेवलं.

“काय पुरावा आहे तुमच्याकडे? तुमची पट्टी तर वाहून गेली होती!”

बाईंनी मान वर केली. “कशानं वाहून गेली?”

पहिल्या रांगेतून मामांनी वळून दुकानदाराकडे डोळे वटारले.

“म्हणजे... आलं होतं थोडं,” दुकानदार चाचरला. “पण त्याला काय पूर म्हणायचा? गुडघाभर.”

“गुडघाभर?” मागून निवृत्त मुख्याध्यापिका उठल्या. “तुमच्या दुकानात असेल. माझ्या स्वयंपाकघरात कमरेइतकं होतं.”

“तुमच्या कमरेइतकं म्हणजे माझ्या गुडघ्याइतकंच झालं की, बाई,” शिंपी म्हणाला. तो चांगला ताडमाड होता. “माझ्याकडे शिलाई मशीन बुडालं होतं. अख्खं!”

“मशीन काय घेऊन बसलात? आमचा फ्रिज दारातून बाहेर निघाला होता!”

मग जी चढाओढ लागली ती काही केल्या थांबेना. आपलं पाणी शेजाऱ्यापेक्षा कमी होतं हे कबूल करायला कुणी तयार नव्हतं. आकडेबाई नकाशा टेबलावर पसरून पेन घेऊन बसल्या. “खिडकीच्या वर की खाली? तिसरी पायरी की चौथी?” असं विचारत राहिल्या आणि फुगवून सांगणाऱ्याला शेजारीच परस्पर खाली उतरवत राहिले.

मामा ओठ आवळून बसले होते. ते किती वेळ टिकतात एवढाच प्रश्न होता. बाईंच्या सगळ्या खानदानात मामांची गोष्ट कुणाच्या गोष्टीपेक्षा लहान ठरली, असं कधी झालं नव्हतं.

“अरे, फ्रिज कसला!” शेवटी ते उसळलेच. “माझी बस तरंगली होती, बस! मी स्टिअरिंग फिरवतोय तर बस म्हणते, तू कोण?”

“कुठे, मामा?” बाईंनी हळूच विचारलं.

“कुठे म्हणजे? इथेच, माझ्या प्लॉटच्या...”

पुढचं हशात बुडालं. मामाही आधी हसले. मग हसता हसता त्यांचा चेहरा बदलला.

“बस भरलेली होती,” ते म्हणाले. “सगळ्यांना टपावर चढवलं. एक बाई पोटुशी होती. वरून ओरडत होतो, काही होत नाही, काही होत नाही. माझेच पाय लटपटत होते.” त्यांनी भाचीकडे पाहिलं. “हे मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.”

 बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि मामांना पाण्याचा ग्लास नेऊन दिला.

नकाशा सुधारला गेला, म्हणजे लाल पट्टा आणखी दोन गल्ल्या आत सरकला. साहेबांनी रंगाला हात लावला नाही. एवढ्या लोकांसमोर ‘जलसान्निध्य’ म्हणायची त्यांना लाज वाटली असावी, पण मुखपृष्ठावर तो शब्द त्यांनी छापून घेतलाच. त्यापुढे बाईंचं काही चाललं नाही.

मामा बरेच दिवस अबोला धरून होते. मग एकदा घराचा आराखडा काखेत मारून आले. “खांबांवर बांधायचं म्हणतोय. किती उंच घेऊ?”

बाईंनी उंची सांगितली. मामांनी भाचीवरच्या रागापोटी त्याहून हातभर जास्त घेतली.

पुढच्या पावसाळ्यात नदी चढली. मामांचा फोन आला तो तावातावानं.

“पोटरीभर! अगं, नुसतं पोटरीभर आलंय! एवढे खांब घ्यायला लावलेस, आणि हे? लोक हसतायत मला.”

“कोण हसतंय?”

“दुकानदार.”

“तो कुठे आहे आत्ता?”

मामांचा आवाज उतरला. “इथेच. वर. औषधांची खोकी घेऊन आलाय. मुख्याध्यापिकाबाई पण आल्यात, मांजर घेऊन. आणि तुझी आईसुद्धा येतेय म्हणे, बघायला. तिला काय बघायचंय?”

“मामी कशी आहे?”

“सगळ्यांचा चहा करतेय आणि तुला शिव्या देतेय.”

बाई हसल्या. तिकडे मामांच्या घराखाली पोटरीभर पाण्यात कुणीतरी मोठ्यानं काहीतरी म्हणालं आणि मामा फोन तसाच हातात धरून ओरडले, “अहो, चपला हातात घ्या आणि या वर! जागा आहे!”