मागची बाजू

हे कुठे लिहायचं नाही, असं त्याने जवळपास ठरवलंच होतं. आपली फजिती आपल्याच बोटांनी टाइप करायची हौस कुणाला? पण ग्रंथालयातला त्याचा बाइंडर मित्र म्हणाला, लिही, नाहीतर पोटात सडेल. म्हणून.

तर, कॉलेजच्या ग्रंथालयातून निघताना ग्रंथपालबाईंनी झडतीसाठी त्याच्या हत्यारांच्या पिशवीची चेन ओढली आणि पाने-पक्कड राहिले बाजूला, आधी कागदांचा गठ्ठा बाहेर पडला. एकशे अठरा झेरॉक्स. पुढे छापील समीकरणं, मागे पेन्सिलीने त्याने स्वतः केलेली.

"हे आमच्या ग्रंथालयातलं."

"रद्दीतलं आहे, मॅडम."

खोटं नव्हतं. तो झेरॉक्स मशीनचा मेकॅनिक, दर महिन्याला इथली मशीनं बघायला यायचा. तीन वर्षांपूर्वी तळघरातल्या बाइंडरने, म्हणजे त्याच्या मित्राने, रद्दीतून हा गठ्ठा उचलून त्याला दिला होता. सैद्धांतिक भौतिकशास्त्राचं पुस्तक. बाइंडरला इंग्रजी येत नाही. तो म्हणाला होता, मागे कोरं आहे, गणितं करायला बरं.

मेकॅनिकला तर घबाडच मिळालं. त्याआधी नेटवर शोधलं, तर पुस्तकांच्या याद्या ढिगाने. एका यादीत तीस पुस्तकं, आणि प्रत्येकाच्या प्रस्तावनेत, आधी दुसरी तीन वाचून या. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. व्हिडिओतले प्राध्यापक दोन ओळी लिहून "हे उघडच आहे" म्हणत फळा पुसायचे. एका चर्चेच्या साइटवर त्याने प्रश्न टाकला, तर कुणीतरी लिहिलं, आधी शाळा संपव. खाली सत्तर जण हसले आणि प्रश्नाला कुलूप लागलं. याच बाईंना सभासद करून घ्या म्हणाला होता, तर त्यांनी कॉलेजचं ओळखपत्र मागितलं आणि कपाटांकडे फिरकायचं नाही, असंही बजावलं.

गठ्ठा मात्र कधी वसकन अंगावर आला नाही. खोड एकच. पान संपलं की पुढच्या पानावर गाडी भलत्याच गावात. मधल्या पायऱ्या गायब. वाक्यही अर्ध्यात तुटायचं, पण त्याला वाटायचं आपलंच इंग्रजी लंगडं. पानांचे आकडे उजव्या कडेला मशीनने खाल्ले होते. मोठी माणसं असंच लिहीत असतील, म्हणून तो पान उलटून मागच्या कोऱ्या बाजूवर मधली वाट स्वतः खणायचा. एका पानाला कधी आठवडा, कधी दोन महिने. आई म्हणायची, परीक्षा नाही, पगार वाढत नाही, कुणासाठी डोकं फोडतोस?

बाईंनी कपाटातून मूळ पुस्तक आणून त्याच्यासमोर आपटलं. ताडून बघते म्हणाल्या. गठ्ठ्यातलं वरचं पान त्यांनी पुस्तकात शोधलं, मग पुस्तकाचं पान उलटलं. आणि हसल्या.

"अहो, अर्धंच पुस्तक आहे हे तुमच्याकडे. मागची बाजू छापलीच गेली नाही. आणि तुम्ही शास्त्रज्ञ निघालात."

त्याला एकदम आठवलं. तीन वर्षांपूर्वी इथल्या झेरॉक्स मशीनची तक्रार काय होती? मागची बाजू कोरी येते. दुरुस्त कुणी केलं? त्यानेच.

त्याने वाकून पाहिलं. पुस्तकातल्या पानाच्या मागे छापलेल्या ओळी. गठ्ठ्यातल्या पानाच्या मागे त्याच्या पेन्सिलीच्या ओळी. दोन पायऱ्या त्याच्याकडे जास्त होत्या. शेवटची ओळ तीच.

"मॅडम, हे जुळतंय."

"पुढची पानं समोर असताना कुणाचंही जुळेल," बाई म्हणाल्या आणि गठ्ठा घेऊन कागदांचा भुगा करायच्या मशीनकडे गेल्या. परवानगीशिवायची प्रत, नियम तो नियम. मागचं लिखाण माझं आहे, तेवढं उतरवून घेऊ द्या, असं तो दोनदा म्हणाला. बाईंनी मूठभर पानं एकदम कोंबली. मशीन घरघरलं आणि अडकलं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तो मेकॅनिक होता.

त्याने झाकण उघडलं, पात्यात अडकलेला कागदाचा बोळा चिमट्याने ओढला. त्यात त्याच्याच अक्षराचा एक तुकडा होता. तो त्याने बाकीच्यांबरोबर डब्यात टाकला.

"एका वेळी सहाच घाला, मॅडम."

शेवटचं पान जाईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

तळघरात बाइंडर सुईत दोरा ओवत होता. सगळं ऐकल्यावर त्याने सुई खाली ठेवली.

"मीच घात केला रे. अर्धं पुस्तक दिलं तुला."

"अर्धं दिलंस म्हणून तर झालं. पूर्ण दिलं असतंस तर नुसतं वाचलं असतं."

"आता काय करणार?"

मेकॅनिकने बाइंडिंगमधून कापून उरलेल्या कोऱ्या कागदांची चळत पुढे ओढली. "हे घेऊन जातो. मागची बाजू डोक्यात आहे, आता पुढचीही मीच लिहीन. किती वर्षं लागतील ते विचारू नकोस. पण शिवायला तुझ्याकडेच आणीन, पूर्ण. शब्द देतो."