वीस रनांची एक विकेट

मी काळा आहे, चौकोनी आहे, एका कोपऱ्याला फुटलेला आहे आणि मला बोलायची भारी हौस आहे. इतकी वर्षं माझ्यावर दुसऱ्यांनीच लिहिलं, मित्रांनो. आज जरा माझंही ऐका. मी गोंदियाला खेटून असलेल्या मुर्री गावचा जुना फळा.

चैतराम सुतारानं सागाच्या चार फळ्या जोडून मला घडवलं आणि शाळेत नेऊन टांगलं. दर महिन्याला पोरं कोळसा आणि दोडक्याचा पाला घासून मला काळाभोर करायची. त्या मालिशीचं सुख काय सांगू! चाळीस वर्षं मी पाढे आणि शुद्धलेखन अंगावर झेललं. पुढं शाळेत पांढरा, चकचकीत फळा आला आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून बकारामनं मला मागून आणलं ते कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून. ज्या अंगावर भूमिती काढली त्याच अंगावर कोंबडा उभा राहून बांग देऊ लागला. मी रडलो नाही, पण हसलोही नाही.

बकाराम सत्तरीचा शेतकरी, पण क्रिकेट म्हटलं की वय विसरणारा. धान निघालं की गावालगतची त्याची बांधी, म्हणजे चारी बाजूंनी धुरे, मातीचे बांध, असलेलं शेत, हेच गावाचं मैदान. तीन वर्षांपूर्वी धावा लिहायला काहीतरी हवं होतं. त्यानं मला खुराड्यावरून उचललं, धुतलं आणि धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाला टांगलं. अहाहा! खडूचा तो पहिला स्पर्श झाला आणि माझा पुन्हा जन्म झाला.

आता त्या बांधीचा एक रिवाज ऐका. दहा खेळाडू कप्तान घनश्याम निवडतो, पण अकरावा निवडतो बकाराम. ज्याची बांधी, त्याचा अकरावा. आणि दर वर्षी हा अकरावा कोण? बकारामचा नातू गुड्डू! कुणी चकार शब्द काढत नसे.

संध्याकाळी माझ्यापुढं बकाराम आणि त्याचा लहानपणचा मित्र शालीकराम यांची जुंपायची. विषय एकच, जगातला सगळ्यात मोठा ऑलराउंडर कोण?

"सोबर्स फास्ट बी टाके, अन् फिरकी बी टाके, तेबी दोन परकारची," शालीकराम म्हणायचा. "तुया कपिलले जमते का?"

"अन् सतरावर पाच गेले तवा एकशे पंच्याहत्तर कोन मारले बे? तुया सोबर्सनं?"

भांडण असं रंगायचं की वाटेवरचे लोक सायकली थांबवून ऐकत. यंदा मात्र बकारामनं तोडगा काढला. आमच्याकडं धान कुडोनं मोजतात आणि वीस कुडो भरले की एक खंडी होते. बकाराम म्हणाला, "वीस कुडोची खंडी, तशी वीस रनाची एक विकेट. मोज, अन् होऊन जाऊ दे फैसला!"

शेजारच्या शामकलाची मुलगी खुशबू अकरावीत शिकते. तिनं मोबाईलवर कसोटीचे आकडे काढले आणि माझ्यावर बेरजा मांडल्या. सोबर्स बारा हजार सातशे बत्तीस. बोथम बारा हजार आठशे साठ. इम्रान अकरा हजार सत्तेचाळीस. आणि कपिल तेरा हजार नऊशे अठ्ठावीस! बकारामनं खांद्यावरचा दुपट्टा हवेत उडवला. शालीकरामचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"आबाजी," खुशबू हळूच म्हणाली, "कॅलिस राहून गेला न जी."

"तो कोन आनखी?"

तिनं लिहिलं. तेरा हजार दोनशे एकोणनव्वद धावा, दोनशे ब्याण्णव विकेट. बेरीज एकोणीस हजार एकशे एकोणतीस. बकाराम मटकन खाली बसला. शालीकराम तर इतका हसला की त्याला ठसका लागला. आपला सोबर्सही हरलाय, हे त्याच्या गावीच नव्हतं.

"आजा, माप बदलव न," गुड्डू म्हणाला.

"धान मोजता मोजता कुडो बदलवते का बे कोनी?" बकाराम खेकसला. "कॅलिस त कॅलिस!" पण पुढं दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या बिरसी गावाविरुद्धच्या सामन्याची निवड होती. घनश्यामनं दहा नावं लिहिली. बकारामनं खडू घेतला आणि सवयीनं 'गु' काढला.

"आबाजी!" खुशबू पुढं आली. सहा सराव सामने ती याच जागेसाठी खेळली होती. "ते वीसचं माप फकस्त मोठ्या लोकायसाठीच होय का?"

सरावाचे आकडे माझ्या डाव्या बाजूला तसेच होते. गुड्डूच्या एकशे एक्केचाळीस धावा आणि एक विकेट. खुशबूच्या सत्तावन्न धावा आणि सहा विकेट. बकारामनं ओठ हलवत बेरीज केली. मग पुन्हा केली. एकशे एकसष्ट आणि एकशे सत्त्याहत्तर. त्यानं नातवाकडं पाहिलं आणि तळहातानं 'गु' पुसला.

मित्रांनो, आजवर माझ्यावर कितीतरी नावं लिहिली गेली, पण 'खुशबू' लिहिताना त्या म्हाताऱ्यानं खडू एवढा दाबला की तो मोडला. मला मुळीच दुखलं नाही.

गुड्डू मात्र रुसला. "धावा लिहायले कोनी नाई," असं म्हणून आज्यानं त्याला सामन्याच्या दिवशी माझ्यापाशी उभं केलं. बिरसीला सहा धावा हव्या होत्या, शेवटची जोडी खेळत होती आणि खुशबू गोलंदाजीला होती. नेमकं तिकडच्या वैमानिक शाळेचं विमान डोक्यावरून घरघरत गेलं. आमचे दहाही जण माना वर करून बघत राहिले! फलंदाजानं चेंडू उंच मारला. खुशबूनं विमानाकडं पाहिलंच नाही, पळत गेली आणि झेल घेतला. गुड्डूनं खडू फेकून अशी आरोळी ठोकली की रुसवा कुठल्या कुठं पळाला.

दुसऱ्या सकाळी मला पुसायला तोच आला. सगळं पुसलं आणि पुढच्या सामन्याची यादी लिहिली. घनश्यामनं या वेळी खुशबूला आपल्या दहांत घेतलं होतं, तिचं नाव गुड्डूनं दुसरं लिहिलं. खाली '११' एवढाच आकडा काढून जागा कोरी सोडली.

"आपलं नाव लिव न बे," शालीकरामनं चिडवलं. "आजा काई म्हननार नाई."

"मोजल्याबिगर कायले लिवू?" गुड्डूनं बॉल उचलला. "वीस रनाची एक विकेट हाय न? मंग विकेटच घ्या लागंल."

तर मित्रांनो, मला पावसात भिजू देऊ नका, अधूनमधून कोळसा आणि पाला लावत जा. पुसा मला खुशाल, मी त्यासाठीच आहे. फक्त ज्या मापानं परक्याला मोजाल, त्याच मापानं घरच्यालाही मोजा. ती अकरावी जागा अजून कोरीच आहे, आणि गुड्डू तिकडं बांधीत सकाळपासून घामाघूम होऊन बॉल टाकून राहिला आहे.