कंटाळा सोफ्याला आधी कळतो

मी एक जुना सोफा आहे. एके काळी माझा रंग गर्द हिरवा होता. आता तो नेमका कोणता आहे, यावर आमच्या घरात एकमत नाही.

मित्रांनो, माझा जन्म सुतार आणि गादीवाला यांच्या भांडणातून झाला. सुताराचं म्हणणं, पाठ सरळ हवी, माणूस ताठ बसला पाहिजे. गादीवाला म्हणायचा, "ताठ बसायला शाळा आहे की. घरी माणूस रेलायला येतो." शेवटी पाठ थोडीशी तिरकी झाली आणि दोघेही नाराज राहिले. लाकडी सांगाड्यावर पट्टे, पट्ट्यांवर स्प्रिंगा, स्प्रिंगांवर काथ्या, काथ्यावर कापूस आणि सगळ्यांवर ताणून बसवलेलं जाड कापड, असा मी तयार झालो. गादीवाला माझ्यावर धपकन बसला, जरा उडी मारून बघत म्हणाला, "जा बाबा, चांगल्या घरात पड."

त्याचं बोलणं खरं झालं. मी ज्या घरात आलो तिथे चार माणसं होती. बाबा बेकरीत भट्टीवर काम करायचे आणि उजाडायच्या आत घर सोडायचे. आई चष्म्याच्या दुकानात होती. बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, बाहेरच्या खोलीत मशीनवर लोकांचे कपडे उसवून पुन्हा शिवून द्यायची; कुणाचं पोट वाढलेलं असे, कुणाचा मुलगा उंच झालेला असे. आणि चौथी होती आई-बाबांची मुलगी. ती सतत काहीतरी कुरतडत असे, म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत. तिच्या खाण्याचे कण अजूनही माझ्या फटींमध्ये आहेत.

दिवसभर ही माणसं एकमेकांना ओझरती भेटत. संध्याकाळी मात्र चौघं माझ्यावर येऊन बसत, कारण तेव्हा टीव्हीवर बंदराची मालिका लागे. एका कप्तानाचं जहाज वादळात हरवतं आणि त्याच्या घरात एक कुलूपबंद पेटी सापडते, अशी ती गोष्ट होती. काय सांगू तुम्हाला, सुरुवातीला काय रंगली होती! आमच्या घरात तिचा एक नियमच झाला होता. भाग संपला की प्रत्येकाने उद्या काय होणार ते सांगायचं, आणि ज्याचं खरं ठरेल त्याला दुसऱ्या दिवशी भांडी घासण्यातून सुट्टी. त्यावरून वाद व्हायचे, रुसवेफुगवे व्हायचे. आत्या एकदा म्हणाली, "पेटीत पत्रं असणार." दुसऱ्या दिवशी खरोखरच पत्रं निघाली, तेव्हा ती बाबांना म्हणाली, "बाळू, ऊठ आता. कढई तुझी वाट बघतेय."

मित्रांनो, माणसाला एखादी गोष्ट आवडते की नाही, हे त्याच्या तोंडावरून कळेलच असं नाही. सोफ्याला मात्र कळतं. रंगात आलेला माणूस माझ्या पुढच्या कडेवर येतो. त्या दिवसांत माझी पुढची कड दबून दबून सपाट झाली होती आणि पाठीचं कापड मात्र नव्यासारखं होतं. कुणी आलं की आई कौतुकाने म्हणायची, "आमचा सोफा फार गुणी हो. चौघांचं वजन घेतो, पण हूं की चूं करत नाही." मला फार बरं वाटे.

पुढे मालिका लांबली. हरवलेला कप्तान परत आला. मग तो खरा कप्तान नव्हे, त्याचा जुळा भाऊ निघाला. मग खऱ्याची स्मृती गेली. मग खोट्याची गेली. पेटीत दुसरी पेटी निघाली. आणि हळूहळू वजन पुढून मागे सरकायला लागलं. आधी बाबा मागे रेलले, मग आई, मग आत्या. सगळ्यांत शेवटी खारूताई. आता पाठीचं कापड विरायला लागलं. माझ्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही. एक स्प्रिंग कुरकुरू लागली तरी कुणी वाकून पाहिलं नाही. एकदा आई म्हणालीसुद्धा, "हा काढून दोन खुर्च्या घेऊ या का?"

तरीही रोज संध्याकाळी चौघं येऊन बसत आणि रोज उद्याचं भाकीत करत. मला कोडंच पडलं होतं. ते खारूताईने सोडवलं. एका दुपारी ती आणि वरच्या मजल्यावरची तिची मैत्रीण माझ्यावर पालथ्या पडून गप्पा मारत होत्या.

"तुम्ही ती मालिका अजून बघता?" मैत्रीण म्हणाली. "आमच्याकडे तर कधीच बंद केली."

"मलाही नाही आवडत आता. नुसते जुळे भाऊ."

"मग सांग ना घरी."

"नको. सांगितलं की बंद करतील. आणि बंद केली की सगळे आपापल्या खोलीत जातील." खारूताईने माझ्या कापडाचा एक दोरा ओढला. "तुमच्या घरी तुम्ही कधी एकत्र बसता?"

मैत्रिणीने विचार केला. "बसतो म्हणजे? जेवतो की."

"तेच तर," खारूताई म्हणाली.

त्या दिवसापासून मला धाकधूक लागली. पोरीने एवढा सगळा डोलारा आपल्या खांद्यावर घेतला होता आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग ती गमतीची संध्याकाळ आली. वाहिनीवाल्यांचा काहीतरी घोटाळा झाला आणि आदल्या दिवशीचाच भाग पुन्हा लागला. माझ्या लगेच लक्षात आलं. तोच कप्तान, तीच खिडकी, हातातून पडून फुटणारा तोच कप. आता कुणीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत राहिलो. कुणी बोललं नाही. कप फुटला तेव्हा बाबा म्हणाले, "अरेच्चा, कप पडला." आई म्हणाली, "महागातला होता वाटतं."

भाग संपला. आत्याने काल सांगितलेलंच भाकीत आज पुन्हा सांगितलं, "बहीण पोलिसांना कळवणार." बाबा म्हणाले, "मला वाटतं, नाही कळवणार." इतक्यात शेजारच्या काकू आत्याकडे दिलेला झगा न्यायला आल्या.

"काय हो, आज काय केलंत मालिकेच्या वेळी?" त्यांनी विचारलं. "मी तर बंद करून कपाट आवरलं."

"का बरं?" आई म्हणाली. "आम्ही बघितली की."

"बघितली? अहो, कालचाच भाग होता तो. अख्खा बघितलात?"

काकू झगा घेऊन गेल्या. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माझी स्प्रिंग कुरकुरली. मग आत्याला हसू फुटलं. ती हसता हसता डोळे पुसायला लागली.

"ताई, मला वाटलं तुम्हाला आवडते, म्हणून मी बसत होते," आई म्हणाली.

"मला? अगं, तो दुसरा जुळा आला तेव्हाच माझं मन उडालं. मी पोरीसाठी बसत होते. आणि तू रे, बाळू?"

"मी झोपतो," बाबा म्हणाले. "डोळे उघडे ठेवून झोपायला शिकलोय मी. तुमचा विरस नको म्हणून बोललो नाही."

सगळे हसत होते. बाबांनी टीव्ही बंद केला आणि ते उठले. एक वजन कमी झालं. पाठोपाठ आई उठली. आत्याने आपला चष्मा शोधला आणि तीही उठायला लागली. माझ्यावर एका कोपऱ्यात एवढंसं वजन उरलं, आणि ते थरथरत होतं.

"आता उद्यापासून कुणी बसायचंच नाही का?" खारूताई म्हणाली. "मला माहीत होतं असंच होणार, म्हणून मी सांगत नव्हते."

तिघेही जागच्या जागी थांबले. आई परत येऊन तिच्याजवळ बसली. "इतके दिवस तू हे मनात ठेवलंस?"

"तुम्ही पण ठेवलंत," खारूताई म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी त्याच वेळेला चौघं आले. टीव्ही बंद होता. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं झालं; बाबांनी दोनदा घसा खाकरला. मग आत्या म्हणाली, "मी आपलं माझं काम घेऊन येते," आणि कुणाची तरी विजार उसवायला इथेच बसली. आई वर्तमानपत्रातल्या बातम्या मोठ्याने वाचू लागली. बाबा बिनदिक्कत आडवे झाले आणि त्यांनी पाय आत्याच्या मांडीवर टाकले.

"पिठाचे पाय ते, उचल आधी," आत्या म्हणाली. पण बाबा केव्हाच घोरायला लागले होते, या खेपेला डोळे मिटून. त्यांच्या पोटाला टेकून खारूताई बसली. त्या पोटाबरोबर ती वरखाली होत होती आणि काहीतरी कुरतडत होती.

मित्रांनो, खोटं कशाला सांगू, रोज चौघं येतातच असं नाही. कधी आईला दुकानात उशीर होतो, कधी आत्याकडे कामाचा ढीग असतो. पण जो येतो तो बसायचं म्हणून येतो, आणि ते वजन मला वेगळं कळतं. गेल्या महिन्यात आत्याने माझ्या पाठीला नवं कापड लावलं, बाबांनी मला उलटं करून स्प्रिंग बांधली. मी समाधानात आहे.

त्या मालिकेवर मात्र राग धरू नका. ती काही वर्षं आमच्या घरी पाहुणी होती आणि तिने चौघांना एका जागी आणून बसवलं. आवडलेली गोष्ट कधी ना कधी नावडती होते, त्यात कुणाचा गुन्हा नाही. तसं झालं की शेजारी बसलेल्या माणसाला सांगून टाका. कदाचित तोही तुमच्यासाठीच कळ काढत असेल. तुमच्या घरातल्या सोफ्यावर उड्या मारू नका, त्याला अधूनमधून ऊन दाखवा. आणि संध्याकाळी कुणी तुमच्याजवळ बसायला आलं, तर थोडं सरकून जागा करून द्या.