जिभेवरचा चुना

"चुन्याची घाई करशीन गा मुखरू, तं चुनाच तुयी घाई करीन."

बाप, इसरू मिस्त्री, हे म्हणायचा तेव्हा मुखरू दहा वर्षांचा होता. बापाच्या हौदातला भिजका चुना काठीनं ढवळत बसायचा. बाप जाऊन चाळीस वर्षं झाली. पण आवाजाचं कसं असतं, विहिरीत पडलेल्या घागरीसारखं. वरून पाणी सपाट दिसतं, घागर आपली तळाशी असतेच. गेला महिनाभर ती घागर मुखरूच्या आत बुडबुडत होती.

हिवरधरा स्टेशनच्या फलाटावर तो कमानीखाली बसला होता. काळ्या दगडाचं हे स्टेशन इंग्रजांच्या राणीच्या अमदानीतलं. घुग्घुसकडचा कोळसा ओढायला बांधलेलं, अजूनही तेच करणारं. दिवसाला दोन पॅसेंजर थांबतात, बाकी मालगाड्या धडधडत जातात आणि फलाटावर काळी भुकटी शिंपून जातात. दोन वर्षांमागं वरून हुकूम आला की हे स्टेशन वारसा आहे, जसंच्या तसं जपायचं. दगडादगडावर पांढऱ्या रंगानं नंबर पडले. सिमेंट लावायचं नाही, जुन्यासारखा चुनाच लावायचा. आणि आसपासच्या पट्ट्यात चुन्याचा जाणता हात एकच उरला होता, मुखरूचा. ठेकेदारानं त्याला बोलावलं आणि त्याच्या लेकाला, आदेशला, सुपरवायझर केलं.

मुखरूनं फलाटामागं घाणी मांडली. गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल. बैलामागं सुकलू. एटापल्लीकडचा माणूस, काटक, हसरा. चाक फिरे, चुना दळे, आणि सुकलू आपल्या बोलीत रेला गात राही. बेलफळाचा गर, गूळ, हिरड्याचं पाणी, सगळं त्या गाण्यासकट चुन्यात मुरे. "तुया गाण्यानं चुना लवकर पिकते बे," मुखरू म्हणायचा. "मंग मले मिस्त्रीची हजेरी लावा," सुकलू म्हणायचा.

चुना कळीचा भिजवला की महिनाभर हौदात ठेवायचा. आणि लावण्याआधी तांदळाच्या कणीएवढा जिभेवर ठेवून बघायचा. ही बापाची रीत. पिकला असेल तर पानातल्या चुन्यासारखा निवांत बसतो. कच्चा असेल तर मुंगळ्यासारखा डसतो. कच्च्या चुन्यातले खडे मागाहून भिंतीत फुलतात आणि सांधा आतून उकलतात.

पण उद्घाटनाची तारीख अलीकडं आली. अकराव्या दिवशीच आदेश हौदाशी येऊन उभा राहिला.

"झाला ना बाबा? पाहुणे येऊन राह्यले."

मुखरूनं कणी जिभेवर ठेवली. डसली. डोळ्यांत पाणी आलं. समोर लेक उभा होता, इस्तरीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, जन्मात पहिल्यांदा कोणी 'साहेब' म्हणत होतं त्याला. मुखरू तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "लावा."

भिंतीतून पुढं येऊन छपराला खांदा देणारे दगडी घोडे त्या चुन्यात बसवले. सहाव्या दिवशी टेकू काढायचे ठरले, कारण तिथं मंडप घालायचा होता. सकाळचे अकरा. सुकलू शेवटचा टेकू सोडवत होता. कोळशाची गाडी आली, अठ्ठावन्न डबे, फलाट थरथरला. सत्तेचाळीस नंबरचा दगड खाली आला, सुकलूवर.

आदेशनं कागदावर लिहवून घेतलं की मजूर दारूच्या नशेत होता, टेकू उलटा ओढला. चौकशीत मुखरूला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी पाणी प्याले गेलो होतो." सही केली. पंधरा दिवसांनी उद्घाटन झालं. सत्तेचाळीसच्या जागी आता नवा दगड आहे, सिमेंटात बसवलेला, वरून चुन्याचा हात फिरवलेला.

आज दुपारच्या पॅसेंजरनं सुकलूची बायको आली. बुधरी. दोन बस आणि एक गाडी बदलून. पायात चप्पल नव्हती. आदेश भरपाईचा कागद घेऊन उभा होता, ती त्याला ओलांडून थेट मुखरूपाशी येऊन बसली.

"मिस्त्रीभाऊ, मले तो दगड पायजे."

"कोणता?"

"त्याच्यावर पडला तो."

आदेश म्हणाला, "बाई, तो नेता येत नाई. नंबर आहे त्याले."

"तुटला ना तो? तुटलेल्याचं काय करता?"

"जपून ठेवतो. काचेच्या पेटीत ठेवाचा आहे."

बुधरीनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं लहान पोराच्या खोटेपणाकडं पाहावं. मग पुन्हा मुखरूकडं वळली.

"आमच्यात मेलेल्याच्या नावानं दगड उभा करते. गावातले म्हातारे बसले होते. म्हणे, कसा मेला ते दगडापुढं सांग, मंग उभा करू. मी काय सांगू? दारूनं मेला म्हणू? घरी मोहाची पेत होता तो, नाई म्हणत नाई मी. कामावर पेला का कधी? तुमी रोज संग होते."

मुखरूनं फलाटावरची काळी भुकटी बोटानं बाजूला सारली.

"दगडापुढं खोटं बोलली तं तो येत नाई दगडात, म्हणते म्हातारे. रानात फिरत राह्यते. पोरगी इचारते, बाबा आला का." तिनं पदर तोंडावर घेतला नाही, रडलीही नाही. "तुमी सांगान तेच सांगीन मी. दारू म्हणान तं दारू."

आदेश खांद्यावर हात ठेवून वाकला. बापाच्या कानाशी, हळूच. "बाबा, तोंड उघडलं तं मी आत जाईन. कागदावर सही तुमचीबी आहे."

घुग्घुसकडून गाडीची शिट्टी आली. फलाट बारीक थरथरू लागला, मुखरूच्या बुडाखालून, पाठीतून वर. त्याची नजर घाणीकडं गेली. चाक आडवं पडलं होतं, चरात पावसाचं पाणी साचून त्यात बेलाची सालं तरंगत होती. डबे जात राहिले. तो ते मोजत नव्हता, तरी शेवटचा गेल्यावर त्याला कळलं की आता आडोशाला काही उरलं नाही.

"तू गप, आदेश." त्यानं लेकाचा हात खांद्यावरून काढला. मग बुधरीसमोर नीट मांडी घालून बसला, दगडापुढं बसावं तसा.

"बुधरीबाई, सुकलू पेला नव्हता. टेकू त्यानं सरळच काढला. चुना कच्चा होता. मी जिभेवर ठेवून पाह्यला होता, जीभ भाजली मायी. मले माहीत होतं. तरी मीच म्हटलं, लावा."