निःशेषराव

“आजोबा, आज वार कोणता?” डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं आणि आजोबांच्या शेजारी बसलेल्या बायकोचा पारा चढला. उभी हयात घरोघरचे विजेचे मीटर वाचण्यात गेलेला माणूस, त्याला शेंबड्या पोरासारखा वार विचारायचा? पलीकडे मुलगा तोंडातल्या तोंडात उत्तर सुचवत होता, त्याचाही तिला राग आला. बाबा घराचा रस्ता चुकले, गॅस चालू ठेवून बाहेर गेले, असा धोशा लावून त्यानंच इथे आणलं होतं. गॅस मी विसरले, असं तिनं त्याला ठणकावून सांगितलं होतं. ते धादांत खोटं होतं.

गल्लीत तिच्या नवऱ्याला निःशेषराव म्हणत. मोठा आकडा दिसला की याचे ओठ हललेच. तीननं भाग जातो, नवानं जात नाही, अकरानं निःशेष! या खोडीपायी तिनं जन्मभर कपाळ बडवून घेतलं होतं. तिला बाळंतपणाच्या कळा येत होत्या तेव्हा हा गृहस्थ खाटेवर रंगवलेला क्रमांक भागत उभा होता. अगं, मूळ संख्या आहे, कशानंच भाग जात नाही, असं त्यानं कौतुकानं सांगितल्यावर तिनं त्याला खोलीबाहेर काढायला लावलं होतं.

“वार काय विचारता? रिटायर माणसाला वार कशाला लागतो?” ती उसळली. “आकडा विचारा त्यांना.” तिनं दाराजवळच्या मीटरवरच्या नंबराकडे बोट दाखवलं. “अहो, अकरानं भाग जातो का, सांगा यांना.”

त्यानं मान वळवली. आठ, तीन, पाच, शून्य, चार, सात, एक, नऊ. ओठ हलले. कितीतरी दिवसांनी चेहऱ्यावर तो जुना तोरा आला.

“निःशेष,” तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आजोबा तर आमच्यापेक्षा तल्लख आहेत म्हणाल्या. वयाचा विसरभोळेपणा असेल, पुढच्या तपासण्या तूर्त राहू देत. मुलगा खजील झाला. बरी जिरली, तिला वाटलं.

आणि मग, नको नको म्हणताना, तिचेही ओठ हलले. संगतीचा गुण, दुसरं काय. एक सोडून एक आकडे घ्यायचे, दोन बेरजा करायच्या. सारख्या आल्या किंवा त्यांच्यात अकराचा फरक पडला, तरच भाग जातो. आठ, पाच, चार, एक. अठरा. तीन, शून्य, सात, नऊ. एकोणीस. तिनं पुन्हा केलं. पुन्हा एकोणीसच.

तिला त्याचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मेला जन्मभर नको तिथे बरोबर आला आणि आज, एवढ्या आजच, चुकला. मुलगा त्याला उठवायला वाकला होता. गप्प बसली असती तर ती जिंकलीच होती.

“चुकलं,” ती म्हणाली. “डॉक्टर, सगळ्या तपासण्या करा. गॅसही यांनीच चालू ठेवला होता.”

नवऱ्यानं दुखावून तिच्याकडे बघितलं. “अगं, काय चुकलं?”

तिनं त्याचा हात दुखेल इतका घट्ट धरला.

“एक उरतो,” ती म्हणाली.