दुसरा सटवा कोकरे

रतनबाई पोलीस ठाण्यातल्या टेबलासमोर उभी होती. बसायला सांगूनही बसत नव्हती. तिचं मागणं एवढंच होतं, की नवऱ्याच्या नावावर कॉम्प्युटरात काय लिहिलंय ते वाचून दाखवावं.

ठाण्यातल्या नोंदी उज्ज्वला करायची. तिने सांगितलं, की हे रेकॉर्ड गोपनीय असतं, आरोपीलाही दाखवत नाहीत. रतनबाईच्या नवऱ्याच्या वकिलांना हेच उत्तर लेखी गेलं होतं, आणि तेही उज्ज्वलानेच टाईप केलं होतं.

"त्याच्यावरच लिव्हलंय, आन् त्यालाच दाखवायचं न्हाई? कावून?"



रतनबाईचा नवरा सटवा मेंढपाळ. लिंबागणेशच्या शिवारात त्याची मेंढरं बसली होती, तेव्हा जवळच्या गोठ्यातल्या शेळ्या चोरीला गेल्या आणि संशयावरून पोलिसांनी त्याला धरलं. शेळ्या काही सापडल्या नाहीत. जामीन सहज झाला असता. पण वडवणीकडे त्याच्यावर चोरीचे जुने गुन्हे आहेत, असा पोलिसांचा अहवाल कोर्टात गेला आणि सटवा बीडच्या कारागृहात अडकला. तिकडं तो कधी गेलाच नाही, असं रतनबाई पुन्हा पुन्हा सांगत होती. सासू अंथरुणाला खिळली होती, लेकाला बोलवा म्हणत होती.

रतनबाई परत गेल्यावर उज्ज्वलाने नोंद उघडली. काय दिसणार ते तिला ठाऊक होतं. अटकेच्या दिवशी नाव शोधताना आणखी एक सटवा कोकरे निघाला होता. त्याच्या वडिलांचं नाव वेगळं होतं. ते तिने पाहिलंही होतं. पण असली माणसं नावं बदलून सांगतात, असं मनाशी म्हणत तिने दोघांचं रेकॉर्ड एकत्र जोडून टाकलं होतं. 'असली माणसं.' स्वतःचेच शब्द आठवून तिची तिला लाज वाटली.

तिने साहेबांच्या कानावर घातलं. कोर्ट बघून घेईल, साहेब म्हणाले. आता कबूल केलंस तर चौकशी तुझ्यावरच बसेल. ती मान हलवून बाहेर आली आणि गप्प राहिली.

मग सटवाची आई गेली. मातीला सोडावं म्हणून त्याचा अर्ज आला. 'आरोपी सराईत असून पळून जाण्याची शक्यता आहे,' साहेब सांगत गेले आणि उज्ज्वला टाईप करत गेली. बोटं नेहमीसारखीच चालली. म्हातारीची माती चुलत पुतण्याने केली.

त्यानंतर मात्र तिला जेवण जाईना. ती रजा टाकून बीडला गेली, सटवाच्या वकील शिवकन्याताईंना कोर्टाच्या व्हरांड्यात गाठलं, आणि कोर्टातर्फे फोटोसकट सगळं रेकॉर्ड मागवा, म्हणाली.

"हे तुम्ही सांगितलं, असं म्हणू का?" शिवकन्याताईंनी विचारलं.

उज्ज्वलाने एकदा जिन्याकडे पाहिलं. "म्हणा," ती म्हणाली.

कोर्टाने रेकॉर्ड मागवलं. फोटो दोन निराळ्या माणसांचे निघाले. सटवाला जामीन मिळाला आणि उज्ज्वलाला चौकशीची नोटीस.

जामिनाच्या अटीप्रमाणे सटवा ठाण्यात हजेरीला आला. डोक्याचं मुंडण केलेलं होतं. उज्ज्वलाने त्याला खुर्ची दिली, कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला, तुमचा फोटो हा आणि त्याचा हा, असं दाखवलं. तो त्या दुसऱ्या सटवाकडेच बराच वेळ बघत राहिला.

"चूक माझी हाय, मामा," ती म्हणाली. "वडलांचं नाव येगळं दिसलं व्हतं मला. तरी जोडलं."

 सटवा पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "माय इचारीत व्हती म्हनं, लेकानं खरंच चोरी केली का. रतनी न्हाई म्हनली. तर म्हातारी म्हनली, सरकारी कागद खोटा कसा आसल?"

 अंगठा कुठं उठवायचा, त्याने विचारलं. तिने रजिस्टरात जागा दाखवली. अंगठा उठवून झाल्यावर शाई पुसायला तिने फडकं पुढे केलं.

सटवाने अंगठा आपल्या धोतराला पुसला आणि तो उठून निघून गेला. तिच्या हातातलं फडकं तसंच पुढे धरलेलं राहिलं.